बसलेल्या बाईची पाठवणी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कोश-काइन गावाचे प्रमुख श्री. शायलोबेक; राजधानीच्या कलासंग्रहालयातून एवढा मोठा घाट ओलांडून आलेल्या आपल्या पाहुण्या जीबेकताई; पांढऱ्या उंच टोप्या सांभाळत व्यासपीठावर बसलेले बेकतूर आजोबा आणि इतर वडीलधारी मंडळी; शाळेतले माझे सहकारी; गावच्या लेकी-सुना; खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे एकमेकांच्या मांडीवर बसलेले माझे आजी-माजी विद्यार्थी; आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या दोघी. एक इथं भिंतीला टेकून, लोकरीच्या पांढऱ्या नमद्यात अर्धी गुंडाळलेली. आणि दुसरी तिकडं दाराशी, समोवारापाशी, हातात चहादाणी घेऊन उभी. माझी वहिनी, सायराकान.

अध्यक्ष महोदय, आपण मला दहा मिनिटं दिली आहेत. आपण आठवीत असताना तरफेचं एक साधं उदाहरण सोडवायला मी आपल्याला अख्खा तास दिला होता. त्याची आठवण ठेवून आज थोडं सांभाळून घ्यावं, ही विनंती.

मंडळी, निरोप माणसांना देतात. शिक्षक निवृत्त झाला की देतात, पोरगं सैन्यात निघालं की देतात. चित्राला निरोप कसा द्यायचा, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तीन दिवस बैठका झाल्या. शेवटी बायकांनी ठरवलं, की घरातली बाईमाणूस कायमची दुसऱ्या घरी चालली आहे ना? मग ही पाठवणी. मग काय विचारता! सकाळी चित्र वहिनीच्या घरातून निघालं तेव्हा त्यावर गोळ्या-मिठाई उधळली, दोन म्हाताऱ्यांनी रीतसर गळा काढला, आणि संग्रहालयाच्या गाडीच्या ड्रायव्हरला व्याही समजून इतकं खाऊ घातलं की तो अजून गाडीत आडवा आहे. जीबेकताई, तो जागा होईपर्यंत तुम्हाला निघता येणार नाही. म्हणजे माझ्या भाषणाला हरकत नाही.

पण एक गंमत झाली आहे, आणि ती गंमत नाही. पाठवणीची वेळ आली आणि नवरीचं नावच ठरत नाही.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. गेली चाळीसहून अधिक वर्षं या चित्राखाली एक पितळी पाटी आहे: ‘बुरुल, मेंढपाळ’. बुरुल म्हणजे माझी आई. जीबेकताई वसंतात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी वहिनीला विचारलं, ‘‘चित्रात कोण आहे?’’ वहिनी म्हणाली, ‘‘घरातल्या मोठ्या.’’ जीबेकताईंनी विचारलं, ‘‘नाव?’’ आता आपल्यात सून सासूचं नाव घेत नाही. वहिनी जमिनीकडं बघत राहिली. मग या शेजारी गेल्या, बेकतूर आजोबांकडं. आजोबांचं वय झालं आहे, वयाबरोबर जिभेचं कुलूपही गेलं आहे. ते म्हणाले, ‘‘कोण म्हणजे? ती काय, आत्ता तुम्हाला चहा देत होती तीच!’’

झालं. तेव्हापासून गावात दोन तट. अर्धे म्हणतात, पाटीवर इतकी वर्षं बुरुल आहे, राहू दे. मेलेल्या माणसाचं नाव कशाला खोडायचं. उरलेले अर्धे म्हणतात, खरं ते खरं. चेहरा सायराकानचा आहे, नाव सायराकानचं लागलं पाहिजे. या दुसऱ्या तटाची पुढारी मी. संग्रहालयाला नाव आज, इथून निघण्याआधी हवं आहे, कारण एकदा त्यांच्या भिंतीवर लागलं की ते कायमचं. आणि वहिनी? तिला विचारावं तर म्हणते, ‘‘आहे ते असू द्या,’’ आणि समोवारात पाणी घालायला निघून जाते. का असू द्यायचं, ते सांगत नाही. मी तिची नणंद. नणंदेनं भावजयीची बाजू घ्यावी आणि भावजयीनं ती घेऊ देऊ नये, असं कुठं ऐकलं आहे का तुम्ही? म्हणून आज सगळ्यांसमक्ष तिचं मन वळवायचं असं ठरवूनच मी या माइकपाशी आले आहे. लपवून ठेवत नाही.

जीबेकताई आत्ता फार सुंदर बोलल्या. म्हणाल्या, या चित्रात एकांत आहे. रिकामी भिंत, खिडकीतून येणारा हिवाळ्याचा करडा उजेड, गुडघ्यांवर सैल टेकलेले हात, आणि कोणाचीही वाट न पाहता बसलेली एकटी बाई. ऐकून मी मान डोलावली, तुम्हीही डोलावली. पण माझं लक्ष बेकतूर आजोबांकडं होतं. ते टोपीआड हसत होते. कारण त्या एकांतात ते स्वतः हजर होते! नुसते ते नाहीत, त्यांचे व्याही होते, आमच्या दोन चुलत्या होत्या, मी होते, चुलीच्या उबेला आणलेलं एक अवेळी जन्मलेलं कोकरू होतं, आणि ते सारखं ओरडत होतं. चित्रकार शारशेन एका बाजूला, कॅनव्हासच्या मागं अर्धा गाव, आणि समोर ही एकटी. एकांत काढायला शारशेनला किती गर्दी हटवावी लागली, हे आम्हाला विचारा.

तर माझी आई. आमच्या आईला बसलेलं कोणी पाहिलं आहे का, हात वर करा. बघा, वडीलधाऱ्यांतसुद्धा एकही नाही. चहा ती उंबऱ्यात उभ्यानं प्यायची, एक पाय आत, एक पाय मेंढ्यांकडं. जिल्ह्याच्या गावी तिला पदक दिलं तेव्हा तिच्यासाठी पहिल्या रांगेत मखमलीची खुर्ची होती. ही दाराशी उभी. साहेब म्हणाले, बसा ना. ही म्हणाली, ‘‘पदक द्या लवकर, मेंढ्या एकट्या आहेत.’’

त्या पदकानंतर कोल्खोजच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारी सामुदायिक शेतीच्या, अध्यक्षांनी ठरवलं, आपल्या गावच्या या बाईचं मोठं चित्र काढून घ्यायचं, तैलरंगात, या सभागृहासाठी. शहरातून शारशेनला पाठवलं. आज त्याचं नाव मोठं आहे. तेव्हा तो एक बारकासा, सर्दीनं बेजार झालेला तरुण होता. आमच्याच घरी उतरला. रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाच्या वासानं आमचा पाव त्या हिवाळ्यात आठ-आठ दिवस वेगळाच लागायचा. त्याचं म्हणणं एकच होतं: बाईनं खिडकीपाशी बसायचं, उजेड असेल तेवढा वेळ, रोज, हिवाळाभर.

आई म्हणाली, ‘‘बसू? मी? आजारी आहे का मी?’’

‘‘मावशी, चित्रासाठी.’’

‘‘मग उभीला काढ. नाहीतर चालताना काढ.’’

‘‘चालताना कशी काढू?’’

‘‘ते तुझं तू बघ. शिकलायस ना शहरात?’’

आता इथं मला थोडं थांबावं लागेल. वहिनी, तू रागावू नकोस. हे मी आजवर चारचौघांत बोलले नाही. पण तू आमच्या घरी आलीस तेव्हापासून आपण एका ताटात जेवलो आहोत, आणि तेवढा हक्क मला आहे.

त्या शरद ऋतूत वहिनीचं पहिलं बाळ गेलं. मुलगा होता. जन्मून चाळिसावा दिवससुद्धा उजाडला नव्हता, पाळण्याच्या दोऱ्या अजून नव्या होत्या. माझा भाऊ तोलोगोन, तो बघा दुसऱ्या रांगेत बसला आहे, त्यानं पाळणा उचलून माळ्यावर ठेवला. वहिनी रडली नाही. ती कामाला लागली. बर्फ फोडून पाणी आणायची, शेणाच्या गोवऱ्या रचायची, पाव भाजायची, दूध काढायची, आणि झालं की पुन्हा पहिल्यापासून. गावात तिचं कौतुक व्हायला लागलं. ‘‘काय सून मिळाली बुरुलला! घटकाभर टेकत नाही.’’ आपल्याकडं सुनेनं थोरामोठ्यांसमोर बसायचं नसतंच, त्यामुळं ही मुळी बसतच नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. जेवायलासुद्धा नाही. रात्री ती कधी आडवी व्हायची, देव जाणे.

आईच्या मात्र ध्यानात आलं. न बसणारीला न बसणारी ओळखता येते. पण ती काय बोलणार? ‘बस, पोरी, रड’ असं म्हणणाऱ्यातली आमची आई नव्हती. आणि सासूनं सुनेला कामावरून उठवून नुसतं बसवून ठेवलं असतं, तर चुलत्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं की बुरुलची सून कामातून गेली.

एका सकाळी आई मेंढ्यांकडून आली आणि शारशेनला म्हणाली, ‘‘तू चित्र खालून वर काढतोस म्हणे?’’

खरंच तशी त्याची रीत होती. आधी बूट, मग कोट, मग हात. चेहरा सर्वांत शेवटी. तो म्हणे, माणूस काय आहे ते हातांपर्यंत आलं की कळतं, मग चेहरा काढायला सोपा जातो.

‘‘मग असं कर,’’ आई म्हणाली. ‘‘माझं आणि हिचं माप एक. हिला माझा कोट घाल, माझा रुमाल बांध, पदक लाव. अंग हिचं काढ. तोंडापुरती मी येईन.’’

वहिनीच्या हातातली बादली खाली पडायची राहिली. ‘‘आई, मी? तुमच्या जागी?’’

‘‘मग मेंढ्या तू राखतेस? राख. मी बसते.’’

‘‘तसं नव्हे...’’

‘‘मग सांगितलेलं काम कर. बस तिथं.’’

अशी ती बसली. हुकुमानं बसली. आणि तिची कामं कोणाच्या गळ्यात आली? माझ्या! मी सोळा वर्षांची, केसांना रिबिनी लावणारी, शहरात शिकायला जायची स्वप्नं बघणारी. मी बर्फ फोडतेय आणि ही खिडकीत बसलेय, पदक लावून. मी आईला म्हटलं, ‘‘हे बरंय. सून बसणार आणि लेक पाणी भरणार.’’ आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला तो तिरका डोळा अजून दिसतो. म्हणाली, ‘‘तुझ्या हातात बादली आहे ना? तिच्या हातात काय होतं ते आठव, आणि गप भर पाणी.’’ त्यानंतर मी कुरकुर केली नाही. म्हणजे, मोठ्यानं केली नाही.

पण खरी पंचाईत पुढंच होती. हिवाळ्यात गावाला उद्योग नसतो. शहरातला माणूस बुरुलच्या घरी चित्र काढतोय म्हटल्यावर जो तो बघायला. आणि दार वाजलं, वडीलधारं माणूस आत आलं, की वहिनी ताडकन उभी! शारशेननं मोठ्या कष्टानं कोटाच्या चुण्या बसवलेल्या असायच्या, सगळ्या गेल्या. पुन्हा बसवायचा, पुन्हा दार. ‘‘वहिनी, बसा!’’ ‘‘वहिनी, पाया पडतो, बसा!’’ एका सकाळी तर तो ब्रश टाकून कोकराशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, ‘‘मावशी, मी परत जातो. या गावात बसलेलं माणूस मिळणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी बेकतूर आजोबा आले. तेव्हा ते आजोबा नव्हते, जनावरांचे कंपाउंडर होते, पण आमच्या भावापेक्षा पुष्कळ मोठे. वहिनी उठायला लागली. आईनं दोन्ही हातांनी तिचे खांदे दाबले आणि बेकतूरना म्हणाली, ‘‘सलाम कर. बुरुल बसलेय.’’

हे बघतच राहिले. ‘‘कोण बुरुल?’’

‘‘डोळे फुटले का? कोट कोणाचा? रुमाल कोणाचा? पदक कोणाला मिळालं? बुरुल बसलेय, आणि बुरुल कोणासाठी उठत नाही. आत यायचं तर तिला सलाम करून ये, नाहीतर दार लाव, थंडी येतेय.’’

बेकतूर आजोबा, मी हे खोटं सांगत असेन तर अडवा. आजोबांनी टोपी काढली, खिडकीपाशी गेले, आणि बावीस वर्षांच्या पोरीला म्हणाले, ‘‘बुरुल, बरी आहेस ना? मेंढ्या बऱ्या आहेत?’’ आणि आईनं चहा ओतला. स्वतःच्या हातानं. पहिला वाडगा कोणाला दिला? पाहुण्याला नाही, घरच्या वडीलधाऱ्यांना नाही. पहिला वाडगा त्या खिडकीतल्या ‘बुरुल’ला. वहिनीनं तो घेतला आणि अर्धा चहा पदकावर सांडला.

मग तो गावाचा खेळच झाला. जो येईल तो आधी खिडकीला सलाम करायचा. ‘‘बुरुल, यंदा जुळी किती होतील?’’ ‘‘बुरुल, गवत पुरेल का?’’ चुलत्यासुद्धा, ज्यांच्यासमोर वहिनीनं कधी मान वर केली नव्हती, त्याही हसत हसत म्हणायच्या, ‘‘बुरुल, तुझी सून दिसत नाही गं आज?’’ वहिनी काही बोलायची नाही. आईच चुलीकडून उत्तरं द्यायची. पण वहिनी उठायची थांबली. बसू लागली. आणि शारशेनच्या कॅनव्हासवर बुटांच्या वर कोट चढला, कोटातून हात आले. हात बघा ना नीट, जीबेकताई. डावा हात कसा किंचित वळलेला आहे, काहीतरी धरल्यासारखा. तो शारशेननं मुद्दाम काढलेला नाही. तो तसाच होता त्या हिवाळ्यात.

आणि एका दिवशी, बर्फ पडत होता, खोली भरलेली होती, बेकतूर आजोबा म्हणाले, ‘‘बुरुल, माझा एडका तुझ्या कळपात शिरलाय. दे की परत.’’ रोजच्यासारखंच. आई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. मान हलू न देता, शारशेननं सांगितलं होतं तशी, हुबेहूब माझ्या आईच्या घोगऱ्या आवाजात: ‘‘तुझा एडका तुझ्यावरच गेलाय, बेकतूर. एकदा आला की जायचं नाव घेत नाही. चहा संपव आणि दोघंही निघा.’’

सुनेनं थोराला नावानं हाक मारली! आणि मग आधी कोण हसलं? आई. आमची आई इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मग बेकतूर, मग चुलत्या, मग मी. आणि मग वहिनीसुद्धा हसली. शरदानंतर पहिल्यांदा. हसली, हसत राहिली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे तो आवाज. ती रडत होती. आईनं एका हातानं सगळ्यांना बाहेर काढलं, शारशेनला काढलं, मला काढलं. दार लावता लावता मी पाहिलं, वहिनी त्याच जागी बसून रडत होती, उठली नव्हती, आणि आई तिच्यासमोर उभी होती, तिचं डोकं पोटाशी धरून. दुपार अशी गेली. मेंढ्या त्या दिवशी एकट्या होत्या.

तुम्ही जो चेहरा बघताय, तो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे.

अंग पुरं झालं होतं. शारशेन म्हणाला, मावशी, आता तुम्ही या. आई आली. हातपाय धुऊन, कानात चांदीचे डूल घालून, ठरल्याप्रमाणं. वहिनीला म्हणाली, ऊठ. वहिनी उठायच्या आधी आईनं एकदा कॅनव्हासकडं पाहिलं, एकदा वहिनीकडं. मग डूल काढून खिशात टाकले.

‘‘हिचंच तोंड लाव,’’ म्हणाली.

‘‘अहो मावशी! चित्र तुमचं आहे. मला जाब विचारतील.’’

‘‘माझं तोंड रोजचंच आहे. हे तोंड उद्या नसेल. आणि मी बसलेय म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? लाव म्हणते ना.’’

वसंतात या सभागृहात चित्राचं अनावरण झालं. जिल्ह्याचे साहेब आले. पडदा सरला. साहेबांनी चित्राकडं पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं. म्हणाले, ‘‘बुरुल चित्रात बऱ्याच तरुण दिसतात.’’ आणि मागून आमच्या थोरल्या चुलतीचा आवाज, ‘‘डोंगरातली हवा, साहेब.’’ साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पितळी पाटी लागली. त्या दिवसापासून आपण सगळे, लहानथोर, या चित्राला बुरुल म्हणत आलो. खोटं म्हणून नाही. आईनं म्हटलं होतं म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आई गेली तीसुद्धा मेंढ्यांच्या वाड्यात, कुंपणाला धरून. कोल्खोज मोडला, या सभागृहाचं छत गळायला लागलं, तेव्हा वहिनी आणि तोलोगोनदादा हे चित्र हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले. तेव्हापासून दर गुरुवारी वहिनी तेलात बोर्सोक, कणकेचे छोटे गोळे, तळते, गेलेल्या माणसांपर्यंत तो वास पोचावा म्हणून, आपण सगळेच तळतो. पण ती पहिलं ताट या चित्रापुढं ठेवते आणि सासूसाठी हात पसरते. समोर चेहरा स्वतःचा, आणि दुवा सासूसाठी! तिच्या नातवंडांना वाटतं, पणजी अगदी आजीसारखी दिसायची. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. माझीच हिंमत झाली नाही.

पण आता हे चित्र राजधानीत चाललं आहे. तिथं त्याला ओळखणारं कोणी नाही. तिथं जी पाटी लागेल तेच खरं होईल. मंडळी, ज्या बाईनं एवढं सोसलं, जिचा चेहरा शारशेनसारख्या कलावंतानं उभा केला, तिचं नाव त्या भिंतीवर नसावं? सून म्हणून जन्मभर दाराशी चहा ओतला, आता चित्रातसुद्धा दुसऱ्याच्या नावानं बसायचं? आई आज असती तर तिनंच पाटी उपटून टाकली असती, असं मला वाटतं. म्हणून मी माझ्या वहिनीला, इथं सगळ्यांसमोर, हात जोडून...

काय गं? वहिनी, काही म्हणतेस?

मंडळी, शांत. माझं बोलणं तोडायची हिची ही पहिलीच वेळ आहे. इकडं ये, माइकवर बोल. नाही? बरं, तिथूनच बोल. शायलोबेक, तो पंखा बंद कर.

...

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. मी सांगते. नीट सांगते, तिच्याच शब्दांत.

वहिनी म्हणाली, ‘‘वन्सं, तुम्ही शिकलेल्या, तुमच्याशी मी काय वाद घालणार. पण तिथं माझं नाव लावलंत, तर मग आई कुठं बसतील?’’

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, ‘‘उभा जन्म त्यांचा पायांवर गेला. बसायला म्हणून त्यांना आयुष्यात एकच जागा मिळाली होती, ती त्यांनी मला दिली. मी बसले, रडले, बरी झाले. पुढं मला तीन लेकरं झाली, नातवंडं झाली. माझं बसणं झालं. पाटीवर त्यांचं नाव लागलं, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, निदान नावानं तरी टेकल्या. मी दर गुरुवारी बघते, त्या बसलेल्या असतात. आता तुम्ही मला तिथं बसवणार. मग त्या परत मेंढ्यांमागं.’’

एवढं बोलली ती. आणि पुन्हा चहा ओतायला लागली.

मंडळी, मी अडतीस वर्षं या गावाला पदार्थविज्ञान शिकवलं. कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक हे फळ्यावर सिद्ध करून दाखवायची मला खोड आहे. हे मला सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. आईच्या पोटची लेक मी. इतक्या वर्षांत, आई दमली असेल, तिला बसावंसं वाटलं असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. हिच्या आलं.

मला थोडं पाणी द्या.

तर, समारोप करते. अध्यक्षांनी दहा मिनिटांच्या जागी किती दिली हे त्यांनी मोजलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. बेकतूर आजोबांनी आम्हाला पेचात टाकलं आणि त्यातून हे ऐकायला मिळालं, त्यांचेही आभार. तोलोगोनदादा, डोळे पूस, लोक बघतायत. ज्यांनी सतरंज्या घातल्या, मांस शिजवलं, चित्राला नमदा शिवला, त्या सगळ्या हातांचे आभार. बोलण्याच्या भरात मी एका घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली, एका तटाची पुढारी होऊन आले आणि तट सोडून चालले; यात ज्यांचं मन दुखावलं असेल त्यांनी मास्तरीणबाई समजून पोटात घालावं.

आणि जीबेकताई, तुमच्या दप्तरात तुम्ही काय खरं ते लिहा, ते तुमचं काम आहे. पण भिंतीवरच्या पाटीवर ‘बुरुल’ एवढंच लिहा. तिला आता उठवू नका.